घुम्या मिस्त्रीची शिकवणी

दगडाच्या यार्डात लहानमोठ्या मिळून अकरा फोर्कलिफ्ट होत्या आणि त्या अकराही जणींशी मिस्त्री बोलायचा. "काय गं, आज घसा बसलाय वाटतं," असं एकीला. "थांब, उगाच थरथरू नकोस, झालंच आता," असं दुसरीला. गाडीखाली उताणा पडून, हनुवटीवर ग्रीसचा डाग घेऊन तो तासन्‌तास पुटपुटत असायचा. पण गाडीखालून बाहेर आला आणि समोर दोन पायांचं कुणी दिसलं, की दातखीळ बसल्यासारखं तोंड बंद. काही विचारलं तर "हं". फारच खोदून विचारलं तर "बघतो". यार्डातले सगळे त्याला पाठीमागे घुम्या मिस्त्री म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे, कारण त्यावरही तो "हं" एवढंच म्हणायचा.

त्याची बायको बसस्थानकावर गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा सुटणार, कुणाची पिशवी सापडली, कुणाची आजी चौकशीच्या खिडकीपाशी वाट बघत बसली आहे, हे सगळं दिवसाचे आठ तास माइकवरून सांगून ती घरी यायची आणि जिना चढता चढता पुन्हा सुरू व्हायची. त्यांच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. एकाला बोलायचं नव्हतं आणि एकीला थांबायचं नव्हतं, त्यामुळे भांडण म्हणून काही उभंच राहिलं नाही.

मिस्त्री मुळात मिस्त्री नव्हता. सव्विसाव्या वर्षापर्यंत तो वजनकाट्यावर कारकून होता. काचेच्या खोलीत बसायचं, ट्रक काट्यावर आला की आकडा लिहायचा, ट्रक गेला की पुढच्या ट्रकची वाट बघायची. नोकरी बरी होती, पण दुपारी चार वाजले की आपण एक खुर्ची आहोत असं त्याला वाटायला लागायचं. अशाच एका सुट्टीच्या दिवशी तो मामाच्या गॅरेजात सहज डोकावला. मामाने एका मालवाहू गाडीची मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून ठेवली होती. गाडी गिअरमध्येच होती.

"भाच्या, आलाच आहेस तर ते उजवं चाक जरा पुढे फिरव बघू," मामा म्हणाला.

त्याने फिरवलं. आणि पलीकडचं डावं चाक, ज्याला कुणीही हात लावला नव्हता, ते गुपचूप उलटं फिरायला लागलं. त्याने उजवं थांबवलं, तर डावं थांबलं. उजवं मागे फिरवलं, तर डावं पुढे आलं. तो खाली वाकून या बाजूने बघायचा, मग उठून त्या बाजूला जायचा. मामाने मान वर करून पाहिलं, तर भाचा जमिनीवर बसून एकटाच खदाखदा हसत होता.

"अरे, डिफरन्शियल आहे ते," मामा म्हणाला. "त्यात हसण्यासारखं काय आहे?"

मामाने ते उघडून दाखवलं. चाकांच्या मधल्या त्या जाडजूड लोखंडी पोटात ताटाएवढं मोठं दातेरी चक्र होतं, क्राऊन. इंजिनाकडून आलेला लहान पिनियन त्याला फिरवायचा. क्राऊनला एक पिंजरा जोडलेला होता आणि पिंजऱ्यात चार छोटे गिअर, त्यांना मामा 'स्टार' म्हणायचा. त्या स्टारच्या दोन्ही अंगांना एकेक गिअर, एकातून डाव्या चाकाकडे एक्सल गेलेला, दुसऱ्यातून उजव्या. बस, एवढंच. त्या महिन्यात त्याने काटा सोडला आणि मामाकडे काम शिकायला गेला. घरी सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. नव्या नवरीने मात्र, ती तेव्हा नवी होती, एवढंच विचारलं, "तिथे तरी बोलाल ना कुणाशी?" तो म्हणाला, "हं."

पुढची सत्तावीस वर्षं, आधी गॅरेजात आणि मग यार्डात, मजेत गेली. मग यार्डात हत्ती आला.

हत्ती म्हणजे सोळा टनांची नवी फोर्कलिफ्ट. रंगाने राखाडी, पुढचे दोन लोखंडी सुळे माणसाच्या उंचीपेक्षा लांब, आणि मागे वजनाचा असा भला मोठा ठोकळा की तिच्या शेजारी बाकीच्या दहा गाड्या खेळण्यातल्या वाटायच्या. खाणीतून आलेले दगडाचे अख्खे चिरे ती उशीसारखे उचलायची. तिच्यात अशी एक गोष्ट होती, जी बाकीच्या गाड्यांत नव्हती. चालकाच्या डाव्या हाताशी पिवळा खटका होता. डिफ लॉक. चाक चिखलात फसलं तर तो ओढायचा.

पहिला एक्सल पैलवानाने तोडला. पैलवान हा यार्डातला सगळ्यात जुना चालक, मनाने लोण्याचा, पण खुर्चीत बसला की गाडी हलायची. त्याने एकदा फसलेली गाडी लॉक लावून बाहेर काढली आणि तसाच लॉक लावलेल्या गाडीने सिमेंटच्या रस्त्यावर गरकन वळण घेतलं. कड् असा आवाज झाला आणि हत्ती तिथेच बसला. दुसरा एक्सल पंधरा दिवसांनी गेला, तो दुसऱ्या चालकाच्या हातून. तो अंगाने इतका बारका होता की सगळे त्याला छटाक म्हणायचे. त्याने तर लॉक सकाळीच लावून ठेवला होता. "म्हटलं, चांगली गोष्ट आहे तर लागलेलीच असू दे."

तिसरा एक्सल गेला तेव्हा यार्डाच्या मॅनेजर मॅडम स्वतः खाली उतरून आल्या. मिस्त्री हत्तीच्या पोटाखाली होता, फक्त बूट दिसत होते. मॅडम बुटांशीच बोलल्या.

"मिस्त्री, हा एक्सल का तुटतो ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"हं."

"मग परवा सकाळी आठ वाजता जेवणाच्या खोलीत सगळ्या चालकांना ते समजावून सांगायचं."

बूट हलायचे थांबले. मग पाना खाली पडल्याचा आवाज आला.

ठरलेल्या दिवशी सकाळी मिस्त्री वेळेआधी हजर होता. फळ्यावर त्याने खडूने चित्र काढलं होतं, आणि चित्र असं देखणं की छापील वाटावं. क्राऊनचा एकेक दात मोजून काढलेला. समोर आठ चालक बसले होते. पैलवान, छटाक, आणि शेवटच्या बाकावर नवी ताई. ती बारा वर्षं शाळेची गाडी चालवून महिन्यापूर्वीच इथे आली होती आणि अजून हत्तीला हात लावायला कुणी तिला दिलं नव्हतं.

मिस्त्रीने खडू उचलला. "हा पिनियन," तो म्हणाला. "हा क्राऊन." मग त्याची नजर वर गेली आणि आठ जणांचे सोळा डोळे त्याला दिसले. त्याच्या कपाळावर घाम फुटला. कुणीतरी खोकलं.

"हे स्टार," तो कसाबसा म्हणाला. "समजलं ना?"

आणि खडू ठेवून तो दारातून बाहेर गेला तो थेट गाडीखालीच.

संध्याकाळी बायकोने पायताणं काढायच्या आधीच ओळखलं. "काय झालं?" असं तिने एकदा, दोनदा, तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्याने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"अहो, मला तर हजारो माणसं ऐकतात," ती म्हणाली. "पण मी कुणाचं तोंड बघते का? मी बघते गाडी. गाडी दिसली की शब्द आपोआप येतात. तुम्ही तोंडं बघत बसलात, तिथेच चुकलं."

"हं."

"हं काय हं! बरं, आधी ती काठी वर न्यायला हात लावा."

गच्चीवर कपडे वाळत घालायला तिने नवी काठी आणली होती, चांगली बारा फुटी. दोघांनी दोन टोकं धरली आणि जिना चढायला लागले. सरळ जिन्यावर काही अडचण नव्हती. पण वरच्या चौकात जिना वळला. मिस्त्री आतल्या बाजूला होता, तो जागच्या जागी उभा राहिला. बायको बाहेरच्या बाजूला होती, तिला काठीचं टोक घेऊन भिंतीकडेने अख्खा फेरा मारावा लागला.

"हे बरं आहे!" ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही खांबासारखे उभे, आणि मी आपली पळतेय!"

मिस्त्रीने काठीकडे पाहिलं. मग बायकोच्या पायांकडे पाहिलं. मग स्वतःच्या.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

"काय?"

"मागे जा. पुन्हा वळ."

शेजारच्या घरातली माणसं दार उघडून बघायला आली तोवर ते दोघं त्या चौकात सात वेळा वळले होते, आणि मिस्त्री बोलत होता. "हे बघ, तू बाहेरचं चाक. तुझा रस्ता लांब. माझा रस्ता कमी. मी जेवढा कमी चाललो, बरोब्बर तेवढीच तू जास्त चाललीस. आणि मधला भाग? तो आपला नेहमीच्याच चालीने गेला!" बायको पहिल्यांदाच काही न बोलता ऐकत होती. दम लागला होता म्हणून असेल, पण ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं, "उद्या पुन्हा घेतो. मोकळ्या जागेत." मॅडमनी त्याच्या तोंडून एवढा मजकूर कधी ऐकला नव्हता. त्या लगेच हो म्हणाल्या.

सकाळी आठला चालक यार्डाच्या मधल्या मोकळ्या जागेत जमले, तर मिस्त्री काठी घेऊन उभा. काठीच्या मधोमध दोरी बांधलेली. त्याने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही, काठीकडे पाहिलं.

"पैलवान, हे टोक धर. छटाक, तू ते. तुम्ही दोघं चाकं. ताई, तुम्ही मध्ये या. तुम्ही इंजिन. दोरी ओढायची. आणि चाकांनो, सहज यायचं नाही, जरा ओढ घेत यायचं. ओझं आहे तुमच्यावर."

ताईने दोरी ओढली. दोघं सारख्या पावलांनी पुढे आले. "ही सरळ चाल," मिस्त्री म्हणाला. "आतले स्टार नुसते पिंजऱ्याबरोबर फिरतात, स्वतःभोवती फिरत नाहीत. आता ताई, डावीकडे वळा."

छटाक आतल्या बाजूला होता, तो थबकला. काठी फिरली आणि पैलवानाला बाहेरून धावत यावं लागलं. त्याची टोपी उडाली. सगळे हसले.

"बघा! छटाकने जे सोडलं ते पैलवानाला मिळालं. स्टार तेवढ्यापुरते स्वतःभोवती फिरले. यालाच डिफरन्शियल म्हणतात. हे नसतं, तर प्रत्येक वळणावर एक टायर घासत गेला असता."

"मग फसते कशाला?" पैलवानाने टोपी झटकत विचारलं.

"छटाक, आता तू चिखलात आहेस. ओढ घ्यायची नाही. दोरी हलली की पळत सुटायचं. पैलवान, तू पाय रोवून उभा राहा. ताई, ओढा."

ताईने ओढलं. छटाक भिरभिरत पुढे आला, काठी गर्रकन फिरली, आणि पैलवान तसूभरही हलला नाही. ताईने पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. छटाक आपला गरागरा फिरतोय आणि पैलवान डोंगरासारखा जागेवर.

"अरेच्चा!" पैलवान म्हणाला. "म्हणजे जोर असून मी फुकट!"

"तेच तर!" मिस्त्री ओरडला. खरोखर ओरडला. "डिफरन्शियल दोघांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे काहीच नाही. चांगल्या जमिनीवरचं चाक नुसतं बघत बसतं."

छटाकने हात वर केला, शाळेत करतात तसा. "मिस्त्री, पण भरलेली असताना कुठे फसते? रिकामी असतानाच का फसते?"

आता मात्र मिस्त्रीची कळीच खुलली. तो गुडघ्यावर बसला आणि जमिनीवर बोटाने हत्ती काढायला लागला. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. सुळ्यांवर चिरा असला की सगळं वजन त्याच चाकांवर येतं, ती जमीन घट्ट धरतात. चिरा उतरवला की मागचा ठोकळा गाडीला मागे दाबतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि हलक्या चाकाला जरा ओलं लागलं की ते घसरलंच. "म्हणून माल उतरवून परत निघताना जास्त सांभाळायचं," तो म्हणाला. हे सगळं तो एका दमात बोलला आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मॅडमही येऊन उभ्या आहेत आणि दगड कापतात त्या कापणी शेडमधली माणसंसुद्धा काम सोडून आली आहेत. त्याने पटकन काठीकडे पाहिलं.

"आता लॉक. लॉक लावला की दोघांनी पावलाला पाऊल टाकायचं. एकसारखं. कमी नाही, जास्त नाही. ताई मोजतील."

"एक, दोन, एक, दोन," ताई मोजायला लागली. सरळ रस्त्यावर दोघं शिपायांसारखे आले. छटाकला पळून जाता येईना, पैलवानाला थांबता येईना. चिखल असो की नसो, गाडी पुढे चालली.

"आता लॉक तसाच ठेवून वळा."

ताई वळली. छटाकला थांबायचं होतं, पण मोजणी थांबू देईना. पैलवानाला धावायचं होतं, पण पाऊल मोठं टाकायची परवानगी नव्हती. छटाकचे बूट फरफटले, पैलवान तिरका झाला, दोघांनी आपापल्या बाजूला हिसका दिला, आणि नवी कोरी काठी मधोमध कड् करून मोडली.



"एक्सल गेला!" पैलवान आपल्या हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाला, आणि मग जो हशा पिकला तो दगड कापायच्या करवतींच्या आवाजावरही चढला. मॅडम डोळे पुसत होत्या. पैलवान मात्र हसता हसता एकदम थांबला. "अहो मिस्त्री," तो हळूच म्हणाला, "मी बिचाऱ्या गाडीचं असं केलं होतं होय?"

घरी बायकोने काठीचे दोन तुकडे पाहिले, ऐकून घेतलं आणि त्या आठवड्यात चादरी खुर्च्यांवर वाळवल्या. बसस्थानकावर मात्र तिने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की एकदा माइक चालूच राहिला आणि सगळ्या फलाटांवरच्या प्रवाशांना एक्सल का तुटतो ते कळलं.

नव्या ताईला हत्ती मिळाला तो त्यानंतर दहा दिवसांनी. कापणी शेडमागे करवतीचं पाणी आणि दगडाची पूड मिळून पांढरट राड साचायची. ताईने तिथे चिरा उतरवला, सुळे मागे घेतले, आणि रिकामा हत्ती जागेवरच अडकला. उजवं चाक राडीत फुरफुरत फिरायला लागलं, सगळ्यांच्या अंगावर शिंतोडे. कापणी शेडमधून कुणीतरी ओरडलं, "रेस द्या, रेस!" मिस्त्री वीस पावलांवर होता. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिला येतंय का ते त्याला बघायचं होतं.

ताईने पाय काढला. आधी चाक पूर्ण थांबू दिलं. मग पिवळा खटका ओढला आणि अगदी हळू, झोपलेलं मूल उचलावं तशी गाडी मागे घेतली. दोन्ही चाकं एकदम फिरली. डाव्या चाकाने कोरडी जमीन धरली आणि हत्ती सरळ रेषेत राडीबाहेर आला. ती सिमेंटवर थांबली, खटका परत ढकलला, जरा पुढेमागे करून लॉक सुटल्याची खात्री केली, आणि मगच वळली. वळताना खिडकीतून तिने मिस्त्रीकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता, आणि हातात पाना असल्यामुळे त्या टाळ्यांचा खणखणाट होत होता.

त्या वर्षात हत्तीचा एकही एक्सल तुटला नाही. मॅडमनी ही हकीकत लाकडाच्या वखारीतल्या त्यांच्या ओळखीच्या मॅनेजरला सांगितली, आणि वखारीतून मिस्त्रीला बोलावणं आलं. तिथे फोर्कलिफ्टवाले होते, क्रेनवाले होते, सगळे मिळून एकतीस जण. बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. ती म्हणाली, "मी येणार. मागे उभी राहीन. बोलणार नाही." हे शेवटचं ऐकून मिस्त्रीला हसू आलं.

ती खरंच मागे उभी राहिली, ओंडक्यांच्या राशीला टेकून. तिने त्याला चाळीस मिनिटं बोलताना ऐकलं. मध्ये एका म्हाताऱ्या क्रेनचालकाने त्याला अडवलं. "मी पस्तीस वर्षं चालवतोय, मला हे सगळं ठाऊक आहे!" मिस्त्री गडबडला नाही. "मग बरंच झालं, काका. या पुढे, तुम्हीच सांगा, मी ऐकतो," असं म्हणून त्याने त्यांना मधोमध उभं केलं. काकांनी अर्ध्यापर्यंत सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाले, "इथून पुढचं तुम्ही सांगा बुवा."

शेवटी "कुणाला काही शंका?" असं विचारल्यावर मागून एक हात वर आला.

"मिस्त्री," ती खड्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "घरात दोन चाकं असली आणि त्यातलं एकच बोलत असलं, तर त्याला काय म्हणायचं?"

एकतीस माना मागे वळल्या. मिस्त्रीचे कान लाल झाले.

"ही माझी बायको," त्याने सगळ्यांना सांगितलं. "आणि हिचा प्रश्न आजच्या धड्यात बसत नाही."

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. वखारीतल्या बायकांनी तिला हाताला धरून जेवायला नेलं, आपल्या डब्यांतलं वाढलं आणि नवऱ्याच्या लहानपणापासूनचं सगळं विचारून घेतलं. तिलाही तेच हवं होतं. तिने मिस्त्रीसाठी ताट वाढून ठेवलं आणि दोनदा हाक मारली. पण तो तिकडे ओंडक्यावर बसून क्रेनवाल्या काकांशी बोलत होता. काकांनी विचारलं होतं की सुळे वर नेणारं तेल नेमकं कुठून कुठे जातं, आणि मिस्त्री म्हणत होता, "बसा, काका, बसा. हे जरा सविस्तर सांगावं लागेल."